चित्र जमतं, प्रबंध जमत नाही

सर्जनशील कलांमध्ये संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी करणारे विद्यार्थी समुपदेशनाला येतात तेव्हा दहातल्या सात-आठ जणांची तक्रार एकच असते: 'काम होतंय, लिहिणं होत नाही.' पुढची हकीकत अशाच एका मुद्राचित्रकार विद्यार्थिनीची. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा सहावा महिना चालू होता. ड्रायपॉइंटचे, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने ओरखडून काढलेल्या चित्रांचे, 31 छाप तयार होते आणि प्रबंधाची पानं होती चार. त्या पानांवर मार्गदर्शकांनी एकच शेरा मारला होता: 'काम चांगलं आहे. यात संशोधन कुठे आहे?' गेले तीन आठवडे तिने छापायच्या प्रेसला हात लावला नव्हता. 'मी चित्रकार आहे, संशोधक नाही. चुकीच्या ठिकाणी आले का?' हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा तिने जरा चाचरत विचारला: 'इतकं विश्लेषण करत बसले तर चित्रं मरणार नाहीत का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी दिलं नाही. आधी चार पानं पाहिली. विषय होता, 'स्मृती आणि विस्मरण यांचा मुद्राचित्रांतून शोध'. पहिली साडेतीन पानं स्मृतीविषयीच्या सिद्धांतांची, इकडून तिकडून वेचलेल्या वाक्यांची. तिची स्वतःची चित्रं शेवटच्या अर्ध्या पानात यायची, तीही 'या विचारांचं प्रतिबिंब माझ्या कामात दिसतं' असं म्हणून निघून जायची. असं लिखाण फार पाहायला मिळतं. पाहुण्यांसाठी बैठक सजवावी तशी सिद्धांतांची मांडामांड होते आणि घरचा माणूस कोपऱ्यात उभा राहतो.

ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993मध्ये केलेली एक विभागणी इथे कामाला येते. कलेविषयीचं संशोधन वेगळं, कलेसाठीचं वेगळं आणि कलेतून होणारं वेगळं. एखाद्या चित्रकाराच्या कारकिर्दीचा अभ्यास हे पहिलं. चित्रासाठी जुने फोटो गोळा करणं, शाई पारखणं हे दुसरं. तिसऱ्यात चित्र करण्याची क्रिया हीच शोधण्याची पद्धत असते. प्रवेश घेतला होता तिसऱ्यासाठी, आणि पानं लिहिली होती पहिल्या प्रकारची. मार्गदर्शकांचा शेरा बोचला असला तरी खोटा नव्हता.

सोबत संस्थेची नियमपुस्तिका उघडायला लावली. ती पूर्ण वाचलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. कलासंशोधनाच्या अभ्यासक लिंडा कँडी यांनी 2006मध्ये मांडलेला फरक अनेक ठिकाणी वापरला जातो: ज्ञानातली भर खुद्द कलाकृतीच्या आधारावर उभी असेल तर ते कृतीवर आधारलेलं संशोधन, कृती करता करता त्या कलाव्यवहाराविषयीच नवी समज येत असेल तर ते कृतीच्या वाटेने गेलेलं संशोधन, आणि ते नुसत्या लेखनातूनही पूर्ण मांडता येतं. हा काथ्याकूट वाटेल, पण परीक्षक काय तपासणार ते यावर ठरतं. तिच्या पुस्तिकेनुसार कलाकृती आणि 12,000 शब्दांचं लेखन दोन्ही एकत्र तपासलं जाणार होतं. म्हणजे चित्रात जे दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायची गरज नव्हती. चित्रात जे दिसू शकत नाही, म्हणजे निर्णय, फसलेले प्रयत्न, सोडून दिलेल्या वाटा, ते लेखनात यायला हवं होतं.

पुढच्या भेटीला टाकून दिलेले छाप घेऊन यायला सांगितलं.

'ती रद्दी आहे,' ती म्हणाली. पण रद्दी शाबूत होती. एकाच तांब्याच्या प्लेटचे 17 छाप. पहिले 7 तिने क्रमांक घालून जपले होते, उरलेले 'फिके आले' म्हणून खणात कोंबले होते. विषय आजीचा चेहरा आणि खांद्यावरची शाल.

ड्रायपॉइंटची गंमत अशी, की सुईने तांब्यावर ओरखडा काढला तरी धातू निघून जात नाही, तो रेषेच्या कडेला नांगरलेल्या मातीसारखा उभा राहतो. या कडेला बर म्हणतात. शाई रेषेत भरतेच, पण बरमध्ये जास्त अडकते, म्हणून छापात रेषेभोवती मखमली काळोख उतरतो. दर वेळी शाई पुसताना आणि रुळाखालून प्लेट जाताना हा बर थोडा थोडा चपटा होतो, तुटतो. पहिल्या दहा-पंधरा छापांनंतर मखमल उतरणीला लागते, मऊ जस्तावर त्याहून लवकर. म्हणून व्यवसायात चांगले छाप ठेवायचे आणि झिजलेले फेकायचे ही रीतच आहे. अधिक छाप हवे असतील तर तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवतात, म्हणजे बर टिकतो.

सतराच्या सतरा छाप टेबलावर ओळीने मांडले. नवव्यात शालीवरचा काळोख गेला. तेराव्यात हनुवटीची रेषा केसासारखी बारीक झाली. खोल ओरखडलेली पापणी मात्र सतराव्यापर्यंत टिकली. विद्यार्थिनी बराच वेळ पाहत राहिली आणि तेराव्यावर बोट ठेवून म्हणाली, 'इथपर्यंत ही माझी आजी आहे. इथून पुढे कुणीतरी म्हातारी बाई आहे.' मग जरा थांबून, 'अकराव्यानंतर मी पुन्हा सुई लावली होती. हनुवटीला. शालीला नाही लावली.'

का नाही लावली? तिला सांगता येईना. तिच्या संशोधनाची सुरुवात खरं तर इथे होती, आणि सहा महिने ती खणात पडून होती.

त्यानंतर प्रश्न नव्याने बांधला. तो एका बैठकीत जमत नाही. पहिला प्रयत्न होता, 'मुद्राचित्र स्मृतीचं रूपक होऊ शकतं का?' उत्तर 'हो', विषय संपला. दुसरा होता, 'ड्रायपॉइंटची प्लेट कशी झिजते?' याचं उत्तर तंत्राच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळतं, त्यासाठी दोन वर्षं घालवायला नकोत. तिसरा टिकला: 'बर झिजत जाताना ओळखीचा चेहरा छापांच्या क्रमात कुठे अनोळखी होतो, आणि त्या जागी पुन्हा सुई लावण्याचा किंवा न लावण्याचा निर्णय चित्रकार कशावरून घेते?' हा प्रश्न छाप काढल्याशिवाय सुटणारा नाही, आणि उत्तराचा पुरावा म्हणून काय दाखवायचं तेही त्यातच आहे. प्रश्न या दोन कसोट्यांवर उतरला की पुढे सरकायला हरकत नसते. भाषा नंतर घासूनपुसून घेता येते.

पूर्वसूरींचा आढावाही त्यामुळे बदलला. कलासंशोधनात हा आढावा पुस्तकांपुरता नसतो, कलाकृतीही त्यात तितक्याच महत्त्वाच्या. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1653चं 'थ्री क्रॉसेस' (तीन क्रूस) हे मुख्यतः ड्रायपॉइंटमधलं चित्र. प्लेट झिजल्यावर त्याने नुसती डागडुजी केली नाही. कित्येक आकृत्या खरवडून काढल्या आणि दृश्य अंधारात बुडवलं. झिजेला उत्तर म्हणून कुणी काय केलं, हा तिचाच प्रश्न. साडेतीन पानांच्या सिद्धांतांपेक्षा असे चार-पाच चित्रकार नीट पाहणं तिच्या कामाच्या जास्त जवळचं होतं. सिद्धांतातला एकच धागा ठेवला, ओळखण्याविषयीचा. बाकीचे सोडताना तिला जड गेलं, कारण त्यांवर मेहनत झाली होती.

एक अडचण मात्र जुन्या 17 छापांतच होती. आठव्यापासून कागद बदललेला. आधीचा जाड (चौरस मीटरला 300 ग्रॅम) सुती कागद संपला म्हणून तिने पातळ कागद घेतला होता, आणि बहुधा भिजवण्याचा वेळही वेगळा होता. मग नवव्यात शाल फिकी पडली ती बर झिजल्यामुळे की कागदामुळे? सांगता येत नव्हतं. कलासंशोधन म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, सगळं गोठवून ठेवायची गरज नसते. पण ज्या बदलाविषयी आपण दावा करणार, त्याच्या आड दुसरा बदल येत असेल तर परीक्षक तिथेच बोट ठेवतो. ती मालिका प्राथमिक चाचणी म्हणून प्रबंधात घ्यायची, कागदाची चूक उघड लिहायची आणि नव्या प्लेटवर कागद, शाई आणि प्रेसचा दाब तेच ठेवून पुन्हा छाप काढायचे, असं ठरलं. पुरेसा कागद एकदम घेऊन ठेवायचा, हा त्यातला सगळ्यात व्यवहारी धडा. चुकीची कबुली दिली तर गुण जातील, ही तिची भीती. प्रत्यक्षात चुकीमुळे पद्धत कशी बदलली ते लिहिलं तर तो पद्धतीच्या प्रकरणातला सगळ्यात जिवंत भाग ठरतो. झाकलेली चूक मौखिक परीक्षेत निघाली, तर मात्र पंचाईत.

आता लिहिण्याबद्दल. लिहिता न येणाऱ्यांपैकी बहुतेकांची खरी अडचण नोंदीची असते. सहा महिन्यांनी कोऱ्या पानासमोर बसून 'मी शाल का सोडली' हे आठवायला गेलं की आठवत नाही, आणि मग रिकामी जागा भरायला उसने सिद्धांत येतात. तिला प्रत्येक छापासाठी एक नोंद ठेवायला सांगितली. वरच्या दोन ओळींत कोरडा तपशील: तारीख, प्लेट, छापाचा क्रमांक, कागद किती मिनिटं भिजवला, शाई, पुसणं टार्लेटनने (जाळीदार कापडाने) की शेवटी हातानेही. त्याखाली दोन भाग. एक, काम चालू असताना लिहायचा: काय अपेक्षित होतं, काय झालं, हात कुठे थबकला. दुसरा, दुसऱ्या दिवशी छाप वाळल्यावर: आता काय दिसतं, पुढचा निर्णय काय आणि कोणता पर्याय सोडला. कृतीच्या ओघातलं चिंतन आणि कृतीनंतरचं चिंतन हा अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी 1983मध्ये केलेला भेद इथे अगदी शब्दशः वापरता येतो. शाईच्या हातांनी लिहिणं अशक्य असेल तर फोनवर बोलून ठेवायचं आणि त्याच संध्याकाळी उतरवायचं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की बोललेलं तसंच पडून राहतं, हे ठरलेलं.

हिशेब असा: 40 छाप, दर नोंदीला साधारण 150 शब्द, म्हणजे 6,000 शब्दांचा कच्चा माल. यातला बराच गाळला जाईल, पण 12,000चा डोंगर कोऱ्या पानावरून चढावा लागत नाही. पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी लिहायचं, पद्धतीचं सगळ्यात आधी. उरलेल्या 18 महिन्यांपैकी पहिले नऊ छापांना, तेही लेखन समांतर ठेवून. त्यानंतर नवी मालिका सुरू करायची नाही. हा नियम सगळे मोडतात. काम रंगात आलेलं असतं, 'आणखी एकच प्लेट' म्हणत चार महिने निघून जातात, आणि लेखन शेवटच्या सहा आठवड्यांत कोंबलं जातं.

विश्लेषणाने चित्रं मरतील का, या प्रश्नाचं उत्तर इथे देता आलं. सुई हातात असताना वाक्य जुळवत बसलं तर हात आखडतो, हे खरंच आहे. म्हणून पहिल्या भागात वाक्यं नकोत, तुटक शब्द पुरेत. विचार करायचा तो छाप वाळल्यावर. शिवाय नोंदीतला प्रत्येक निर्णय समजलाच पाहिजे असं नाही. 'का ते कळलं नाही' ही नोंद चालते, फक्त ती त्या दिवशीची हवी.

एक गोष्ट तिने सहज सांगितली आणि तिथे थांबावं लागलं. आजीविषयी तिने चार नातेवाइकांना बोलतं करून ध्वनिमुद्रण केलं होतं आणि ते प्रदर्शनात ऐकवायचं मनात होतं. त्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घेतली नव्हती. घरचीच माणसं, त्यांना काय विचारायचं, असं तिला वाटत होतं. पण माणसांकडून घेतलेली माहिती संशोधनात वापरायची तर मान्यता आणि लेखी संमती आधी लागते, मागाहून सहसा मिळत नाही. जुनी मुद्रणं बाजूला ठेवून, मार्गदर्शकांशी बोलून समितीकडे अर्ज करायचा आणि मान्यतेनंतर हवं तर नव्याने विचारायचं, एवढंच हातात होतं. आजीचा फोटो वापरला असेल तर तो कुणी काढला होता, वापरायला हरकत नाही ना, हेही त्याच अर्जात.

प्रदर्शनाची जागा वर्षभर आधी ठरवायला सांगितली, कारण परीक्षकांच्या तारखा जुळवाव्या लागतात आणि प्रदर्शन उतरलं की पुरावा म्हणून छायाचित्रंच उरतात. ड्रायपॉइंट समोरून सपाट प्रकाशात टिपला तर कागदावर उठलेला प्लेटचा दाब दिसत नाही. म्हणून प्रत्येक छापाचे दोन फोटो: एक सम प्रकाशात, मोजपट्टी आणि (उजेड-रंग जुळवायचं) करडं कार्ड ठेवून, दुसरा बाजूने तिरपा प्रकाश टाकून.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं ते प्लेटबद्दल. मालिका संपली की प्लेटवर आडव्यातिडव्या रेघा मारून ती बाद करायची पद्धत आहे, म्हणजे पुढे कुणी छाप काढू नये. ती कधी करायची? निकाल हातात येईपर्यंत नाही. तोवर शाई पूर्ण काढून, तेलाचा पातळ हात देऊन, स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवायची, आणि ती प्रदर्शनात सतराव्या छापाच्या शेजारी टांगायची की नाही हे नोंदवहीत लिहून मगच ठरवायचं.