युद्धात गोळ्या लागलेलं मालवाहू विमान संग्रहालयात ठेवताना त्याची भोकं बुजवून नवंकोरं करतात का?

सहसा नाही, विमान उडवायचं नसेल तर लढाईच्या खुणा मुद्दाम राखतात आणि दुरुस्ती फक्त सांगाडा उभा राहील, गंज पसरणार नाही इतपतच करतात. उत्तम उदाहरण अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयातलं सी-१२३ मालवाहू विमान ‘पॅचेस’ (म्हणजे ठिगळं). व्हिएतनाममध्ये ते एजंट ऑरेंज हे झाडांची पानं गाळणारं रसायन फवारायचं, जवळपास ६०० वेळा गोळ्या लागल्या, आणि युद्धकाळातच मारलेली ठिगळं आजही अंगावर दिसतात. तीच गुळगुळीत केली असती तर नावालाही अर्थ उरला नसता. खरं काम वेगळंच निघालं: आत डायॉक्सिनचे, म्हणजे एजंट ऑरेंजमधल्या विषारी घटकाचे, अंश सापडल्याने विमान आधी धुऊन निर्विष करावं लागलं. भोकांच्या कडांना मात्र सैल सोडत नाहीत. तिथला रंग उडालेला असतो, उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती खरवडून गंजरोधक लेप देतात. ठिगळ लावायचंच झालं तर पत्रा ॲल्युमिनियमचाच, कारण साधं पोलाद आणि ॲल्युमिनियम चिकटून ओल लागली की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं.

अपवाद एकच: विमान पुन्हा उडवायचं असेल तर हौस बाजूला. पंखाच्या मुख्य कण्याला किंवा दाब पेलणाऱ्या भागाला इजा झालेली असेल, तर तो नीट दुरुस्त करावा किंवा बदलावाच लागतो.