निदान सहा मीटिंगा कर, मग ठरव

चि. बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, "काका, जाऊन आलो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, त्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला. पण माझ्यासारखं तिथं कुणीच नव्हतं." परत जायचं नाही असं तू निम्मं ठरवलेलंच आहेस, हे मला आवाजावरून कळलं. म्हणून हे पत्र.

तुला तिथं पन्नाशी-साठीची माणसं दिसली. कुणाचं लिव्हर गेलेलं, कुणाचा संसार मोडलेला. तुला वाटलं, माझं अजून एवढं कुठं झालंय? शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होतो तेव्हा मीही पहिल्या मीटिंगमधून हेच मनात घेऊन उठलो. त्यात एका जुन्या सभासदानं मला सगळ्यांदेखत चांगलंच झापलं. मी म्हटलं, गेली मीटिंग खड्ड्यात. आणि पुढं चार वर्षं पीत राहिलो. एका माणसाच्या एका संध्याकाळच्या बोलण्यावरून मी सगळ्या मीटिंगांना नाव ठेवलं. ती चार वर्षं मला अजून सलतात, तुझी तशी जाऊ नयेत.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये वरून हुकूम सोडणारा साहेब कुणी नसतो. प्रत्येक ग्रुप आपला कारभार आपण बघतो, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुठं पुस्तक वाचून त्यावर बोलतात, कुठं नुसतं शेअरिंग चालतं, कुठं प्रार्थनेवर भर असतो. 'खुली' मीटिंग असेल तर घरचं माणूसही बसू शकतं. 'बंद' मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. तू बंद मीटिंगला बसून बघ, तिथं माणसं जास्त मोकळी होतात. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

हे सगळं सुरू झालं १९३५ साली, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. शेअर बाजारातला एक माणूस कामासाठी परगावी आलेला, धंद्यात फटका बसलेला, हॉटेलच्या बारकडं पाय ओढत होते. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी फोन हातात घेतला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळतो का, याची चौकशी सुरू केली. मिळाला तो एक सर्जन. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही म्हणून आला आणि रात्री उशिरापर्यंत बसला. एक दलाल, एक डॉक्टर. दोघांच्यात तरी सारखं काय होतं? म्हणून ग्रुप बघताना वय, शिक्षण, पगार जुळतो का हे बघू नकोस. एवढंच बघ, की तिथं बसल्यावर तुला खोटं बोलावंसं वाटतं का. जिथं 'काल प्यायलो' हे सरळ तोंडातून निघतं, तो तुझा ग्रुप. दुसरी खूण म्हणजे, तू आला नाहीस तर कुणीतरी फोन करून विचारतं.

ओळखीचं कुणी बघेल ही तुझी भीती खोटी नाही. मंगळवार पेठेत शिंकलं की शिवाजी पेठेत कळतं, आपलं कोल्हापूर तसंच आहे. सुरुवातीला लांबच्या पेठेतला ग्रुप धर, माझी ना नाही. पण मला विचारशील तर अंतरापेक्षा वेळ मोठी. तुझी प्यायची वेळ कुठली? शिफ्ट सुटल्यावर, साडेसात-आठ. मग त्याच वेळेला भरणारी मीटिंग शोध. सकाळच्या मीटिंगला जाऊन संध्याकाळी प्यायला बसलेली माणसं मी बघितली आहेत.

एक गोष्ट मात्र ऐकच. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते; काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भलतंसलतं दिसायला लागतं. त्यात जीव जाऊ शकतो. हे निस्तरायचं काम मीटिंगचं नाही, डॉक्टरचं. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात दाखव, पिण्याचं प्रमाण खरं सांग. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. औषध आणि मीटिंग बरोबर चालू शकतात. गोळ्या घेतोस म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याचं ऐकू नकोस.

देवावर विश्वास नाही म्हणालास. माझ्या ओळखीत असे दोघं आहेत, ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून चालले आहेत. त्यावर आत्ता डोकं घालू नकोस.

आईला सांग, घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तू किती प्यायलास हे मोजत जागायची तिला सवय लागली आहे, तिलाही कुणाशी तरी बोलायला हवं.

आता आषाढ तोंडावर आला. त्र्यंबोलीची यात्रा, मग गटारी. रस्सा मंडळाची पोरं तुला शेतावर बोलावणार, 'तू नुसता जेवायला ये' म्हणणार. त्या रात्रीची मीटिंग आजच हेरून ठेव, मी तुझ्याबरोबर येतो. आणि गुरुवारी मीटिंगला येताना नेहमीच्या रस्त्यानं येऊ नकोस, ते परमिट रूम वाटेत लागतं. रंकाळ्याकडनं वळसा घालून ये. मी सात वाजता दारात आहे.

तुझा,
काका