परत फिरायचं कोणी म्हणायचं, हे सोलापुरातच ठरवा

तुम्ही विचारलंय की तुम्ही नवरा-बायको दोघेही पन्नाशीच्या आसपासचे, सोलापूरचे, डोंगर चढायची सवय नाही, तर हिमालयातल्या एखाद्या रस्ता नसलेल्या अभयारण्यात दोघांनीच जाणं जमेल का. जमेल. आम्ही एप्रिलच्या शेवटी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जाऊन आलो, तेव्हा मी ५१ ची होते आणि हे ५५ चे.

हे उद्यान हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यात आहे. ७५४ चौरस किलोमीटरचं जंगल, आणि आत गाडीचा रस्ता नाही. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. मनालीला जेवढी माणसं जातात, त्यातली फारच थोडी इकडे वळतात. आम्हाला हेच हवं होतं.

जायचं कसं, ते थोडक्यात सांगते. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस. मनालीपर्यंत जायचं नाही, मोठ्या बोगद्याच्या आधी औटला उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, कारण औट पहाटे येतं आणि झोप लागलेली असते. औटहून बंजारमार्गे गुशैनी हे गाव, जिथून चालायला सुरुवात होते, साधारण ३० किलोमीटर. वाटेत साई रोपाला उद्यानाचं केंद्र आहे, परवान्याची चौकशी तिथे करा. दोघांची ओळखपत्रं आणि झेरॉक्स जवळ ठेवा. गाइड गुशैनीच्या आसपासच्या गावातलाच घ्या. जुलै ते सप्टेंबर अजिबात जाऊ नका. २०२३ च्या जुलैत कुल्लूत पुराने काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल.

तयारीबद्दल. कोजागिरीला तुम्ही कधी चालत तुळजापूरला गेला असाल, तर अंतराची भीती बाळगू नका. गुशैनीहून रोलाचा पहिला मुक्काम १० किलोमीटरच्या आसपास आहे, तीर्थन नदीच्या कडेकडेने. कोजागिरीला आपण त्याच्या चौपट चालतो. पण आपलं चालणं सपाटीवरचं. चढायला दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना गुडघे बोलायला लागतात, ते थांबून ऐकत नाहीत. आम्ही तीन महिने दर रविवारी तुळजापूरचा घाट चढून उतरलो, आणि रोज अपार्टमेंटचे चार मजले पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन. हे तरी कराच. बूट नवे कोरे घालून जाऊ नका. खायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या. वजन कमी, टिकायला चांगली, आणि थंडीत संध्याकाळी तोंडाला चव येते. आमच्या गाइडला चटणी इतकी आवडली की शेवटच्या दिवशी त्याच्या घरी गरम सिड्डूवर, म्हणजे तिकडच्या वाफवलेल्या भाकरीवर, तूप आणि आपली शेंगाचटणी असं आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं.

गुशैनीची पहिली रात्र सांगायलाच हवी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याचा आवाज आला की अर्ध्या झोपेतही हात बादलीकडे जातो. रात्री दोनला मी ताडकन उठले. टाकी भरून वाहतेय, मोटार बंद करायची राहिली, असंच वाटलं. दार उघडलं तर तीर्थन. इतकं पाणी, रात्रभर, कोणी बंद करणारं नाही. हेही उठून आले. आम्ही सकाळपर्यंत बाहेरच बसलो, एक सोलापुरी चादर दोघांत घेऊन. या नदीवरचे जलविद्युत प्रकल्प तिथल्या लोकांनी लढून थांबवले, हे नंतर कळलं. ती रात्र आठवली की त्या माणसांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

आता खरं सांगायचं ते. निघण्याआधी आम्ही घरी एक ठरवलं होतं. दोघांपैकी कोणीही ‘पुरे’ म्हणालं की दोघांनी परत फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही, समजूत काढायची नाही, आणि घरी आल्यावर कधी ऐकवायचं नाही. तुम्हीही हे ठरवल्याशिवाय जाऊ नका. आत मोबाइल चालत नाही, मोठं रुग्णालय कुल्लूला, आणि गाडीपर्यंत यायचं तर पायांनीच.

रोलाहून शिल्टला, म्हणजे वरच्या मुक्कामाला, जायचा आमचा बेत होता. एका दिवसात जवळजवळ हजार मीटरचा चढ. बुरांश, ते लाल फुलांचं डोंगरी झाड, फुललेला, देवदारांखालून वाट. हे पुढे, मी मागे. दोन तासांनी माझ्या लक्षात आलं की हे बोलत नाहीयेत. आमचे हे भाजी आणायला गेले तरी वाटेत चौघांशी बोलतात. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, चल." तीस वर्षांच्या संसारात या ‘काही नाही’चा अर्थ मला पाठ झालाय. मी तिथेच म्हटलं, "पुरे." यांचा चेहरा उतरला, पण शब्द दिलेला होता. एक अक्षर न बोलता वळले. खाली आल्यावर सांगितलं की उजवा गुडघा सकाळपासूनच दुखत होता आणि माझी हौस मोडायला नको म्हणून ते गप्प होते. म्हणून सांगते, ‘पुरे’ म्हणायचा हक्क ज्याचं दुखतंय त्याच्याकडेच ठेवू नका. तो म्हणणार नाही.

शिल्ट राहिलं. रोलालाच आणखी दोन रात्री राहिलो. पहाटे मोनाल पक्षी दिसला, उन्हात आला की निळा-हिरवा-तांबूस असा झळकतो. जुजुराणा मात्र दिसला नाही. पश्चिमी ट्रॅगोपॅनला तिकडे जुजुराणा म्हणतात, पक्ष्यांचा राजा, हिमाचलचा राज्यपक्षी. देवाने प्रत्येक पक्ष्याचं एकेक पीस घेऊन तो घडवला, असं गाइड सांगत होता.

त्याच पोराने आणखीही सांगितलं. १९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि गावकऱ्यांचे आतले हक्क गेले. त्याचे वडील उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या थाचांवर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणांवर न्यायचे, गुच्छी नावाची रानटी अळिंबी गोळा करायचे. ते थांबलं. आता मुलगा तीच वाट आमच्यासारख्यांना दाखवतो.

मी गप्प झाले. माझं माहेर नान्नजजवळचं. १९७९ मध्ये तिकडे माळढोक अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यात लोकांची शेतंसुद्धा आली. जमिनीचे व्यवहार अडले, म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीत त्या पक्ष्याचं नाव काढलं तरी माणसं चिडायची. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ च्या आसपास आणलं, पण माळढोक काही वाढले नाहीत. आज एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. लहानपणी वडिलांनी मला माळावर उभा असलेला माळढोक दाखवला होता. त्यांचा स्वतःचा राग होता, तरी दाखवला. हे मी गाइडला सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, कितना बड़ा होता है?" मी हात कमरेच्या वर नेऊन दाखवला. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला.

यांचा गुडघा आता बरा आहे. ऑक्टोबरात शिल्टला पुन्हा जायचं म्हणताहेत. तिकडे थंडी असेल, पण हवा स्वच्छ असते. तुमचाही ऑक्टोबरचा विचार असेल तर रविवारी सकाळी सहाला तुळजापूर घाटाच्या पायथ्याशी या, आम्ही तिथेच असतो.