शंका-समाधान : लंबकाचं उत्तर 10.8 का आलं?

प्रश्न : घरी साधा लंबक टांगून गुरुत्व त्वरण काढलं. लांबी 100 सेंमी, 20 आंदोलनांना 38.2 सेकंद. उत्तर 10.8 आलं. पुस्तकात 9.8 आहे. आकडेमोड तीनदा तपासली. कुठे चुकलं?
– अकरावीची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : आकडेमोड बरोबरच आहे, चुकली ती मोजणी. स्टॉपवॉच सुरू करतानाच तू ‘एक’ म्हटलेलं दिसतंय. तिथे ‘शून्य’ म्हणायचं. गोळी त्याच जागी, त्याच दिशेनं जाताना पुन्हा दिसली की ‘एक’. म्हणजे तुझी आंदोलनं 20 नव्हे, 19 झाली. 38.2 ला 19 नं भागलं की आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, 2.01 सेकंद येतो. आता 4 गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी (मीटरमध्ये), भागिले आवर्तकालाचा वर्ग, असं करून बघ : 9.77. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, त्यामुळे वेळेतली पाच टक्क्यांची चूक उत्तरात दुपटीनं उमटते.

मोजणी मधल्या बिंदूपासून कर, टोकापासून नको. टोकाला गोळी रेंगाळते, नेमका क्षण पकडता येत नाही. मागच्या भिंतीवर खडूची उभी रेघ ओढून ठेव. बटण दाबताना बोटाला 0.2 सेकंद उशीर झाला, तर 20 आंदोलनांत उत्तर 0.1 नं हलतं. म्हणून 50 मोज.

लांबी गोळी लटकवल्यावरच मोज, सुती दोरा वजनानं ताणतो. वरून, ज्या बुचात दोरा पकडलाय त्याच्या खालच्या कडेपासून थेट गोळीच्या मध्यापर्यंत. 2 सेंमी व्यासाच्या गोळीची त्रिज्या धरायची राहिली, तर उत्तर एक टक्क्यानं कमी येतं. झोका लहान ठेव : मीटरभर दोऱ्याला बाजूला 8-9 सेंमी पुरे. 30 अंशांवरून सोडलीस तर उत्तर तीनेक टक्क्यांनी घसरेल. गोळी गोल-गोल फिरायला लागली तर थांबवून पुन्हा सोड. आणि पंखा बंद!

एक मात्र, 9.81 येईपर्यंत झटापट करू नकोस. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, विषुववृत्ताच्या त्या मानानं जवळ आहे. विषुववृत्ताकडे जावं तसा हा आकडा कमी होतो, म्हणून इथला आकडाच 9.79 च्या आसपास आहे. साडेपाचशे मीटर उंचीचा वाटा त्यात अगदी किरकोळ. 9.80665 हे 1901 मध्ये ठरवलेलं प्रमाण मूल्य, ते जागोजागी जसंच्या तसं मिळत नाही.

प्रश्न : वर फेकलेला चेंडू सर्वांत वर क्षणभर थांबतो. तेव्हा त्वरण शून्य असतं ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही, शून्य असतो तो वेग. थांबण्याच्या 0.1 सेकंद आधी चेंडू सेकंदाला 0.98 मीटर वेगानं वर जात असतो, 0.1 सेकंदानंतर तेवढ्याच वेगानं खाली येत असतो. वेग बदलतोच आहे, म्हणजे त्वरण आहे. त्या क्षणापासून ते शून्यच राहिलं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.