रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का बिघडतं?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात. सकाळची लोकल गाठायची म्हटलं की पोटात कळ येते, दोन-तीनदा संडासला जावं लागतं. रविवारी काहीच होत नाही. तपासण्या नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात, मनाचे खेळ.

मनाचे खेळ म्हणून हे झटकून टाकू नका. तुमची कळ खरी आहे. हृदय, श्वास, आतडी आपण न सांगता चालवते ती स्वायत्त मज्जासंस्था. तिची सिम्पथेटिक बाजू धावपळीसाठी, पॅरासिम्पथेटिक पचनासाठी. धास्ती बसली की जठराचं काम मंदावतं, मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणून घास घशाखाली उतरत नाही आणि संडासला पळावं लागतं, दोन्ही एकाच वेळी. वॉल्टर कॅनन यांनी 1890च्या दशकात क्ष-किरणांखाली पाहिलं होतं, की बिथरलेल्या मांजरीच्या जठराची हालचाल थांबते. शिवाय मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे 80 टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. त्यामुळे पोट ढवळलं की धास्ती आणखी वाढते.

अर्धा तास लवकर उठा. चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, त्याला घरीच वेळ मिळू द्या. मग पाच मिनिटं सावकाश श्वास, मिनिटाला साधारण सहा, सोडताना जास्त लांब. हे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड) असू शकतं, निदान डॉक्टरांकडून करून घ्या. शौचातून रक्त, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर थांबू नका.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. चार घासांत पोट भरतं, कधी उलटीत सकाळचं अन्न पडतं.

याला ॲसिडिटी समजून गोळ्या देत बसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दीर्घ मधुमेहात व्हेगस नस दुखावू शकते आणि मग जठर वेळेवर रिकामं होत नाही. अन्न उशिरा पुढे सरकतं, इन्सुलिन मात्र आधीच काम करतं, आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला. तोवर थोडं-थोडं, मऊ खाणं : पातळ मुगाची खिचडी चालेल, तळलेलं आणि चोथ्याच्या भाज्या कमी. उठताना चक्कर येते का, तेही सांगा. उभं राहिल्यावर वरचं प्रेशर 20 किंवा जास्त उतरत असेल तर तोही मधुमेहाने स्वायत्त मज्जासंस्थेत केलेल्या याच बिघाडाचा भाग असू शकतो.

प्रश्न : गार पाण्यात चेहरा बुडवला की व्हेगस नस ‘रीसेट’ होते का?

नाही. ठोके काही क्षण मंदावतात, इतकंच. हृदयविकार असेल तर करूच नका.