क्लॉज ओळखताना आधी व्हर्ब शोध

बघ भावा, मराठी मीडियममधनं आलेल्या आपल्या बेळगाव-खानापूरच्या पोरांना इंग्लिशमधले क्लॉज, म्हणजे कर्ता-क्रियापद असलेले वाक्याचे तुकडे, अवघड जातात कारण व्याख्याच पाठ करतात, तू तसं करू नको. आधी व्हर्ब (क्रियापद) आणि त्याचा सब्जेक्ट (कर्ता) शोध, दोन्हीतलं एक जरी नसलं तर तो क्लॉजच नव्हे. 'आफ्टर द क्लास' ही फ्रेज, 'आफ्टर द क्लास एंडेड' हा क्लॉज. मग तेवढंच मोठ्यानं वाच. 'आय मिस्ड द लेक्चर', अर्थ पुरा झाला, इंडिपेंडंट. 'बिकॉज द खानापूर बस वॉज लेट', इथं सब्जेक्ट आहे व्हर्बपण आहे तरी पुढं काय झालं ते राहतंयच की, म्हणून डिपेंडंट, त्याच्यापुढं फुलस्टॉप देऊन एकटा सोडू नको. हा आधी आला तर मध्ये कॉमा, मागनं आला तर बहुतेक वेळा नको.

आणि सगळ्यात जास्त मार्क जातात ते ऑलदो-बट मुळं. आपण जरी-तरी जोडीनं बोलतो ना, म्हणून पोरं 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' लिहितात. इंग्लिशमध्ये दोन्हीतला एकच ठेवायचा. दोन इंडिपेंडंट नुसत्या कॉमानं जोडू नको, कॉमासोबत अँड, बट, सो असं काहीतरी पाहिजे, नाहीतर सरळ फुलस्टॉप दे. हू, विच, दॅट वाले क्लॉज नंतर बघू, आधी एवढं पेपरातल्या बातमीवर पेन्सिलीनं करून बघ.