पेट्यांवरचे टेबलक्लॉथ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, तुम्ही सुचवलेल्या दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत वाचल्या, अर्जेंटिनाच्या मानुएल पुईगची ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’ आणि चिलीच्या पेद्रो लेमेबेलची ‘माय टेंडर मॅटाडोर’. रडू आलं पण रागही आला. दोन्हीकडे क्रांतिकारक पुरुष आपलं काम करून घेतो आणि समोरचं माणूस प्रेमापायी जीव धोक्यात घालतं. ह्याला प्रेम म्हणायचं की वापर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वापर आहेच, दोघा लेखकांनी तो लपवलेला नाहीये. पण पुईगकडे सुरुवातीला वापर उलट्या बाजूने चाललाय हे विसरू नका. ब्वेनोस आयरेसच्या जेलमध्ये, 1975 साली, स्वतःला बाई मानणारा समलिंगी मोलिना आणि क्रांतिकारक व्हॅलेंटिन एका कोठडीत आहेत, आणि मोलिनाला तिथं ठेवलंय तेच मुळी व्हॅलेंटिनच्या साथीदारांची नावं काढून घ्यायला, त्या बदल्यात लवकर सुटका आणि बाहेर आजारी आई. जेलवाले व्हॅलेंटिनला खचवायला जेवणात विष घालतात, त्याचं पोट इतकं बिघडतं की अंथरुणातच होतं, आणि मोलिना त्याला पुसतो, धुतो, स्वतःची चादर देतो. मग वॉर्डनला भेटायला गेला की किराण्याची यादी देतो, का तर आई भेटायला येऊन गेली असं व्हॅलेंटिनला वाटलं पाहिजे, रिकाम्या हातानी परत गेलो तर त्याला संशय येईल. म्हणजे ज्या सरकारनं विष घातलं त्याच सरकारच्या पैशातून तो त्याला कोंबडी खाऊ घालतो. मला हा सगळ्या पुस्तकातला सगळ्यात राजकीय प्रसंग वाटतो, आणि त्यात एकही घोषणा नाहीये!

सुटल्यावर मोलिना व्हॅलेंटिनच्या साथीदारांना त्याचा निरोप पोचवायला जातो आणि मारला जातो. पुईग ते सांगतो कसं, तर पोलिसांच्या पाळतीच्या कोरड्या रिपोर्टमधून. मोलिनाला त्या लोकांबरोबर पळून जायचं होतं, की त्यांच्याच हातून मरायची तयारी ठेवून तो गेला होता, हे पोलिसांनाही कळत नाही. त्यांनी त्याचा फोन ऐकलाय, कुठं जातो ते बघितलंय, पण त्याच्या मनात काय होतं ते काही त्यांना लिहिता आलेलं नाही.

एक दुरुस्ती, तुमच्या पत्रात ह्या गोष्टीला ‘लष्करी राजवटीतली’ म्हटलंय. लष्कराचं बंड झालं 24 मार्च 1976 ला, ही गोष्ट त्याच्या आधीची, इसाबेल पेरोनच्या सरकारच्या काळातली. पण तेव्हाही माणसं उचलली जात होती, मारली जात होती, आणि पुईग स्वतः आधीच देश सोडून गेला होता. पुस्तक 1976 मध्ये स्पेनमध्ये छापलं गेलं आणि अर्जेंटिनात त्यावर बंदी आली.

लेमेबेलकडे मात्र तुमचा राग जास्त लागू पडतो. चिलीची राजधानी सान्तियागो, 1986, हुकूमशहा पिनोशेचा काळ. नायिका जन्मानं पुरुष, पण बाईसारखी राहणारी, भरतकामावर पोट भरणारी. तिच्याकडे क्रांतिकारक कार्लोस येतो, ‘पुस्तकं’ म्हणून पेट्या ठेवून जातो, आणि ती त्या पेट्यांवर भरतकाम केलेले कपडे घालून त्यांचं फर्निचर करते, टेबलं काय, बैठका काय. आत शस्त्रं आहेत हे तिला कळत नसेल असं मला नाही वाटत, तिनं न विचारायचं ठरवलंय. पण माझ्या मते तिचा स्वतःचा प्रतिकार कार्लोसच्या पेट्यांमध्ये नाहीच, तो त्या टेबलक्लॉथमध्ये आहे. एका जनरलच्या बायकोनं 11 सप्टेंबरच्या, म्हणजे पिनोशेला सत्तेवर आणणाऱ्या 1973 च्या लष्करी बंडाच्या वाढदिवसाच्या जेवणासाठी तिच्याकडून तो भरून घेतलेला असतो. ती द्यायला जाते, त्या लांबलचक टेबलावर पसरते, आणि तिला तिथं जेवणारे जनरल दिसायला लागतात, वाइनचं रक्त होतं, मांसाचे तुकडे माणसांचे होतात, आणि ती पैशावर पाणी सोडून कापड गुंडाळून निघून येते. तेव्हा कार्लोस तिथं नव्हता, त्यानं सांगितलंही नव्हतं. हे तिनं केलं.

प्रश्न : आमच्या वाचनगटात एक जण म्हणाले की माणसं गायब होत असताना प्रेमकथा लिहिणं ही चैन आहे, आधी हुकूमशाही जाऊ दे, मग बाकीचं बघू. मला उत्तर सुचलं नाही.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हे ‘मग बघू’ लेमेबेलनं, तो स्वतः समलिंगी, आयुष्यभर ऐकलं होतं, म्हणून त्याचंच सांगते. सप्टेंबर 1986 मध्ये सान्तियागोत डाव्यांच्या एका सभेत तो उंच टाचांचे सँडल घालून, चेहऱ्यावर विळा-हातोडा रंगवून उभा राहिला आणि आपला जाहीरनामा वाचला. समोर पिनोशेचे समर्थक नव्हते हो, आपलेच कॉम्रेड होते. त्यांना त्यानं विचारलं की तुमचं राज्य आलं की आमचं काय करणार? हा प्रश्न हवेतला नव्हता, क्यूबात क्रांतीनंतर 1965 ते 68 मध्ये समलिंगी पुरुषांना सक्तमजुरीच्या छावण्यांत टाकलं होतं. त्याच महिन्याच्या 7 तारखेला मानुएल रोद्रिगेस देशभक्त आघाडी ह्या डाव्या सशस्त्र गटानं पिनोशेच्या ताफ्यावर हल्ला केला, पाच अंगरक्षक मेले, तो वाचला. लेमेबेलची कादंबरी 2001 ची, पण ती बरोबर ह्याच हल्ल्याभोवती फिरते, म्हणजे त्यानं दोन्ही गोष्टी एकाच घरात आणून ठेवल्या, रॉकेट लाँचर पण आणि लिपस्टिक पण.

आणि ‘आधी हे, मग ते’ चा हिशोब बघा ना, चिलीत लोकशाही आली मार्च 1990 मध्ये, प्रौढ पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले 1999 पर्यंत. नऊ वर्षं! तुमच्या गटातल्या त्या काकांना हे सांगा, भांडू नका, नुसतं सांगा.

प्रश्न : मी मोलिनाच्या एका प्रकरणाचा मराठी अनुवाद करून बघतोय, स्वतःपुरताच. त्याला ‘तो’ लिहू की ‘ती’?
– एक वाचक, पणजी

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण इथं मराठीकडे असं काहीतरी आहे जे इंग्रजीकडे नाहीये. स्पॅनिशमध्ये मोलिना स्वतःला स्त्रीलिंगी विशेषणं लावतो, इंग्रजीत विशेषणाला लिंगच नाही त्यामुळे अनुवादकाला ते ‘गर्ल’ वगैरे शब्द घालून भरून काढावं लागतं. आपल्याकडे क्रियापदच बोलतं. ‘मी दमले’, ‘मी घाबरले’, ‘मी तुझी वाट बघत होते’, बास, वेगळं काही सांगायलाच नको. मी वर ‘तो’ लिहिलंय कारण पुस्तकात व्हॅलेंटिन आणि पोलिस त्याच्याशी पुरुष म्हणून बोलतात, आणि संवादाशिवाय निवेदक जवळपास नाहीच, म्हणजे तुम्हाला ‘तो की ती’ चा निर्णय फारसा घ्यावाही लागणार नाही. लेमेबेलच्या नायिकेचं वेगळं, तिथं निवेदकच तिला ती म्हणतो, म्हणून मीही ती म्हणते.

फक्त एक करा, सरसकट स्त्रीलिंगी करू नका. वॉर्डनच्या ऑफिसात मोलिना ‘मी आलो साहेब’ म्हणेल, कोठडीत परत आल्यावर ‘आले गं बाई’. कुठं आलो आणि कुठं आले ते पान-पान बघून ठरवा, आणि झालं की मला पाठवा, मला खरंच वाचायचंय.